चार माणसांपुढचे गाणे

गाणे शिकणारे मूल घरात मोकळ्या गळ्याने गाते आणि पाहुणे आले की आईच्या पदराआड दडते. हा अनुभव कोणत्या घरी येत नाही? आपण हसून म्हणतो, "लाजाळू आहे हो!" आणि विषय तिथेच संपतो. आज मला बोलायचे आहे ते याच लाजेविषयी, आणि ती जाण्याचा जो एकच मार्ग आहे त्याविषयी.

माझा विषय मराठी. पण आमच्या कॉलेजच्या संगीत मंडळाचे कामही माझ्याकडे असते. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. स्नेहसंमेलनासाठी पहिल्या वर्षाच्या एका मुलीने भूप बसविला होता. वारकऱ्याच्या घरची पोर. आवाज गोड आणि सुराला पक्का. परंतु रंगीत तालमीला समोर दहा-वीस माणसे बघून ती बावरली आणि दोनदा तिची सम चुकली. मी यादीतून तिचे नाव काढले. म्हटले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी ती गाण्याच्या वर्गाला आलीच नाही. काही वर्षांनी तिच्या गावी सप्ताहाला गेलो, तेव्हा रात्रीच्या भजनात ती बायकांत बसून टाळ वाजवीत होती. तोंड मात्र मिटलेले. मी विचारले, "गात का नाहीस?" ती म्हणाली, "सर, मला गाता येत नाही, हे तुम्हीच ठरवलंत की!"

त्या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला. चूक तिची नव्हती. घरी रियाज करताना तान फसली तर आपण थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. बैठकीत तसे करता येत नाही. तबला पुढे चाललेला असतो. म्हणजे चुकल्यावर काय करायचे, ही विद्या एकट्याच्या रियाजात मिळतच नाही. ती चार माणसांपुढेच मिळते. आणि मी तर तिला ती चार माणसेच नाकारली होती!

वास्तविक आपला ताल फार दयाळू आहे. त्रितालाच्या सोळा मात्रा. नवव्या मात्रेवर खाली येते आणि सोळा झाल्या की पुन्हा सम. एक सम हुकली तर दुसरी सोळा मात्रांवर उभीच आहे. "चुकलास तर थांबू नकोस, ठेका ऐक आणि पुढची सम गाठ," एवढे एक वाक्य मी त्या मुलीला सांगायला हवे होते.

श्रोत्यांसमोर बसले की आणखी काही गोष्टी घडतात. छाती धडधडते, श्वास आखूड होतो, लय नकळत चढते. घरी सहज लागणारा तार षड्ज तिथे डोंगराएवढा उंच वाटतो. यावर उपाय आहेत. पहिल्या वेळी घरच्यापेक्षा किंचित खालची पट्टी घ्यावी. आरंभी तंबोऱ्याचा सूर कानात भरू द्यावा. पाच-सात मिनिटांचीच चीज निवडावी. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटत असतो. त्यांना मुलींच्या पट्टीत ओढू नये. गळा दुखावला की मन त्याच्याही आधी दुखावते.

आपल्या परंपरेने हे ओळखले होते. शिष्य गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसतो आणि मधूनमधून स्वर देतो. श्रोत्यांची भीती अशी गुरूच्या सावलीत बसून हळूहळू मोडते. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे घराण्याच्या उंबऱ्यातून सामान्य मुलांच्या वर्गात आणले. वर्ग आला, पण पुष्कळ ठिकाणी ती मागे बसण्याची जागा मात्र हरवली. आता मूल परीक्षा देते, ती एकट्या परीक्षकापुढे. नाही तर मोबाइलवर ध्वनिमुद्रण करते. फसले तर पुसते आणि पुन्हा गाते. त्याचा उपयोग आहेच. आपले दोष आपल्यालाच ऐकू येतात. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत उमटलेली दाद त्या यंत्रात कशी दिसणार?

खेड्यातल्या शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्याजवळ तर मोठे धन आहे. गावचे भजनी मंडळ ही नुसती भजनाची जागा नव्हे, ती गाण्याची शाळा आहे. तिथे पोर आधी टाळ धरते, मग पाठीमागच्यांत सूर मिळविते आणि एक दिवस पुढे होऊन अभंग उचलते. कोणी गुण देत नाही, कोणी नाव खोडत नाही. चुकले तर पखवाजवाला सांभाळून घेतो.

हेच शाळेत करा. महिन्यातून एक दिवस, शेवटच्या तासाला, सतरंजी अंथरा. पाच मुले, प्रत्येकी पाच मिनिटे. पेटी नसेल तर नसू दे. हाताने ताल धरा. बक्षीस ठेवू नका. पहिल्यांदा आपला वर्ग, मग सारी शाळा, मग देवळाचा ओटा, अशा पायऱ्या करा. आणि ऐकणाऱ्या मुलांनाही शिकवा, की कोणी अडखळले तर हसायचे नाही, टाळी धरून त्याला समेपर्यंत पोचवायचे. कोणी सांगावे, यातून उद्या गवई निपजणारही नाही. पण सभेत उठून दोन शब्द नीट बोलणारा आणि दुसऱ्याचे शांतपणे ऐकणारा माणूस तरी निपजेल.

आमच्या कॉलेजात आता दर महिन्याला अशी बैठक होते. यादी भिंतीवर लागते आणि ज्याला गायचे असेल तो आपल्या हाताने नाव लिहितो. त्यातले नाव मी खोडत नाही. एक नाव मी खोडले होते, ते अजून मला पुसता आलेले नाही.