पुढच्या आठवड्यात सगळं पुन्हा तसंच

(मंडळाच्या रविवारच्या गप्पांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला विषय दिला 'अमेरिकन टीव्हीवरच्या जुन्या मालिका' आणि वेळ दिली वीस मिनिटं. जाहिराती वगळल्या तर अर्ध्या तासाच्या सिटकॉमलाही जवळपास तेवढीच मिळते, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. मालिकांची यादी मी वाचणार नाही. चार एपिसोडच्या गोष्टी सांगते, आणि त्यांत मला काय दिसतं तेवढं बोलते.

या सिटकॉमचा एक जुना अलिखित नियम होता. अर्ध्या तासात घरात कितीही उलथापालथ होऊ दे, शेवटी सगळं जागच्या जागी आलं पाहिजे. सोफा तिथेच, नवरा-बायको तेच, भांडणही तेच. कारण पुढच्या आठवड्यात एखादा नवा प्रेक्षक येईल, त्याला मागचं काही ठाऊक नसलं तरी अडू नये. पुढे रीरन कुठल्याही क्रमाने दाखवता येतात, हा धंद्याचा फायदा वेगळाच!

'आय लव्ह ल्युसी'चा 'जॉब स्विचिंग' घ्या. १५ सप्टेंबर १९५२ ला तो सीबीएसवर लागला होता. खात्यात पैसे नसताना ल्युसीने चेक दिला म्हणून रिकी भडकतो. शब्दाने शब्द वाढतो आणि ठरतं की बायकांनी कमवून आणायचं, पुरुषांनी घर बघायचं. ल्युसी आणि तिची शेजारीण एथेल चॉकलेटच्या कारखान्यात लागतात. सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटं येणार, ती कागदात गुंडाळायची. एक जरी न गुंडाळता पुढे गेलं तर नोकरी गेली! पट्ट्याचा वेग वाढतो, आणि या दोघी उरलेली चॉकलेटं तोंडात, टोपीत, ब्लाउजमध्ये, मिळेल तिथे कोंबतात. देखरेख करणारी बाई येते, पट्टा रिकामा बघून खूश होते आणि हुकूम सोडते, वेग अजून वाढवा. ऑफिसात वेळेआधी काम संपवणाऱ्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको.

आणि घरी? रिकी माणशी एक पाउंड तांदूळ शिजत लावतो. वाटीचं माप ज्यांच्या हाताला ठाऊक आहे त्या बायका इथे आधीपासूनच हसायला लागतात. भात उतू जातो, स्टोव्हवरून खाली येतो, जमिनीवर पसरतो. शेवटी पुरुष हात टेकतात, आणि बायकांसाठी भेट काय आणावी? चॉकलेटं! झालं, दुसऱ्या दिवशी रिकी कामावर, ल्युसी घरी. जणू काही घडलंच नाही.

आता एकोणीस-वीस वर्षं पुढे येऊ. नॉर्मन लियरची 'ऑल इन द फॅमिली' १९७१ मध्ये सुरू झाली. क्वीन्समध्ये राहणारा आर्ची बंकर, त्याची बायको ईडिथ, मुलगी आणि जावई. आर्चीला काळे, ज्यू, परदेशी, कोणीच चालत नाही. १९ फेब्रुवारी १९७२ च्या एपिसोडमध्ये तो जोडधंदा म्हणून टॅक्सी चालवत असतो, आणि त्याच्या टॅक्सीत सॅमी डेव्हिस ज्युनियरची ब्रीफकेस राहते. सॅमी डेव्हिस म्हणजे त्या काळचा फार मोठा गायक-नट, काळा, आणि ज्यू धर्म स्वीकारलेला. ती न्यायला तो स्वतः आर्चीच्या घरी येतो. त्याचा एक डोळा काचेचा होता. आर्ची घरच्यांना बजावून ठेवतो, डोळ्याचा विषय काढायचा नाही. आणि मग पाहुण्याला काय घेणार असं विचारताना 'क्रीम आणि साखर' यांच्या पाठोपाठ 'डोळा' त्याच्याच तोंडून निसटतो.

सॅमी त्याची बाजू घेतल्यासारखं दाखवतो. म्हणतो, पूर्वग्रह असलेला माणूस स्वतःला इतरांपेक्षा वरचढ समजतो. पण तुमच्याबरोबर इतका वेळ घालवल्यावर मी खात्रीने सांगतो, तुम्ही कोणापेक्षाही वरचढ नाही. आर्चीला ते कौतुक वाटतं! मग फोटो काढायची वेळ येते, आणि ऐन क्षणी सॅमी आर्चीच्या गालाचं चुंबन घेतो. प्रेक्षकांचा हशा थांबता थांबत नाही.

यातून आर्ची काही शिकतो का? छे. आपल्या खुर्चीत पुन्हा जाऊन बसतो, पुढच्या आठवड्यात तोंडी तीच बडबड. लेखकांनी त्याला सुधारला नाही हे मला फार आवडतं. सुधारला असता तर आपण सगळे सुटलो असतो ना! आपल्याही पॉटलकमध्ये, मुलांच्या लग्नाचा विषय निघाला की 'कोणीही चालेल, फक्त...' असं वाक्य ऐकू येतंच. त्या 'फक्त'नंतर कोणाकोणाची नावं येतात हे इथे सांगत नाही, तुमची मुलं ऐकत असतात. आर्चीची ती खुर्ची १९७८ पासून स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. माणूस तोच, खुर्ची तीच, म्हणून ती एवढी ओळखीची.

आणि मग एक एपिसोड असा आला की त्याने हा नियमच मोडला.

'मॅश' तुम्हाला माहीत आहे. कोरियातलं युद्ध, १९५० ते ५३, आणि आघाडीजवळचं लष्करी हॉस्पिटल. (त्या युद्धात भारताचंही ६० वं पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स पथक गेलं होतं, हे आपल्या मुलांना जरूर सांगा.) १८ मार्च १९७५ चा एपिसोड. हॉस्पिटलचे प्रमुख हेन्री ब्लेक यांना घरी जायचा हुकूम येतो. निरोपाची पार्टी, सलाम, थट्टा, आणि नव्या सुटातले हेन्री हेलिकॉप्टरमध्ये बसून निघतात. सिटकॉम म्हणून गोष्ट इथे संपलेली आहे. पण अजून एक प्रसंग उरलेला असतो. त्याचं पान नटांनाही शूटिंगच्या अगदी आधीच मिळालं होतं. ऑपरेशन चालू आहे, रडार नावाचा कारकून आत येतो आणि निरोप वाचतो: हेन्रींचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कोणीही वाचलं नाही. कोणी काही बोलत नाही. हात थांबत नाहीत, कारण टेबलावर जखमी आहेत.

संतापलेल्या प्रेक्षकांची पत्रं आली. विनोदी मालिकेत असं करतात का? मला तो संताप समजतो. आपण इथे येताना तिकडचं घर असंच मनात लावून आलो होतो, सिटकॉमच्या सेटसारखं. ओट्याजवळ आई, झोपाळ्यावर बाबा, कोपऱ्यावर तोच वाणी. दोन-तीन वर्षांनी जाऊ तेव्हा पुढचा एपिसोड तिथूनच सुरू होईल, असा हिशोब. आणि मग रात्री अडीच वाजता फोन वाजतो. इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी तो उचललाय, त्यांना रडारचा चेहरा आठवेल. सकाळी कामावर जावंच लागतं, विमानाचं तिकीट मिळेपर्यंत.

'मॅश'चा शेवटचा भाग २८ फेब्रुवारी १९८३ ला लागला, दहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. युद्ध संपलंय, सगळे घरी निघालेत. हॉकाय आणि बीजे हे जिवलग मित्र, पण बीजे 'गुडबाय' म्हणायला काही केल्या तयार नाही. आपण भेटणारच आहोत की, हे त्याचं पालुपद. आपल्याकडेही निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, विमानतळाच्या काचेपलीकडे आई दिसेनाशी होईपर्यंत. हॉकाय हेलिकॉप्टरमध्ये बसतो. बीजे सांगतो, भेटूच, पण न जाणो, म्हणून चिठ्ठी ठेवलीय. तो मोटरसायकलवरून निघून जातो. हेलिकॉप्टर वर उठतं, हॉकाय खाली बघतो, आणि जमिनीवर दगड मांडून लिहिलेलं असतं, 'गुडबाय'.