रक्तातली रात्रपाळी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी विषय विचारला तेव्हा मी 'न्युट्रोफिल' म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "काका, हे कुठलं नवीन औषध?" औषध नव्हे. इथे बसलेल्या प्रत्येकाच्या फाइलमध्ये रक्ताचा रिपोर्ट असेल, त्यात हा शब्द आहे. आपण हिमोग्लोबिन बघतो, डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट्स बघतो. मधली ओळ मात्र कोणी वाचत नाही. मी डॉक्टर नाही, बँकेत आयुष्य घालवलेला माणूस. पण आकडा दिसला की तो कशाचा, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. म्हणून ही पंधरा मिनिटं.

रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या निम्म्याहून जास्त बहुधा न्युट्रोफिल असतात. हाडांच्या पोकळीतला मगज त्या तयार करतो, दिवसाला सुमारे दहा हजार कोटी! एवढं उत्पादन लागतं, कारण त्यांचं आयुष्य अगदी थोडं. रक्तात आल्यावर काही तास, फार तर काही दिवस. म्हणजे रोजची नवीन भरती आणि रोजची निवृत्ती. पेन्शनचा प्रश्नच नाही.

अशा फिरत्या पेशी शरीराचं रक्षण करतात, हा विचार मांडला रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी. १८८२ साली ते इटलीत, सिसिलीतल्या मेसिना गावी राहत होते. तारामाशाची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात. त्यांनी बागेतल्या गुलाबाचे काटे त्या पिल्लांना टोचले आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. काट्याभोवती फिरत्या पेशींचा घेराव पडलेला! शरीर आक्रमणाची वाट बघत बसत नाही, त्याच्याकडे चालून जातं, हा विचार तिथून आला. १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं, जर्मनीच्या पॉल एर्लिख यांच्याबरोबर. पेशींना रंग देऊन त्यांचे प्रकार वेगळे ओळखण्याची पद्धत एर्लिख यांची. 'न्युट्रल' रंग धरणारी पेशी म्हणून हिचं नाव न्युट्रोफिल.

आता ही पेशी जखमेपर्यंत पोचते कशी? समजा, भाजी चिरताना बोट कापलं आणि जंतू आत शिरले. तिथल्या पेशी रासायनिक हाका मारतात. जवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर चिकट रेणू उगवतात. रक्ताच्या जोरदार प्रवाहात वाहत चाललेली न्युट्रोफिल त्यांना अडखळते, भिंतीवरून गडगडत हळू होते, मग घट्ट चिकटून थांबते. पुढे ती सपाट होऊन भिंतीवर सरपटते, फट शोधते आणि अंग चेपून पलीकडे निघते. चालत्या लोकलमधून माणूस दाराशी येतो, दांडा धरतो आणि गाडी थांबल्यावर गर्दीतून वाट काढत उतरतो, तसंच.

बाहेर पडल्यावर वास जिकडे जास्त तिकडे ती जाते. वेग मिनिटाला जेमतेम आपल्या अंगाच्या लांबीइतका. जंतू सापडला की गिळते आणि आतल्या विषारी रसायनांनी मारते. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी याची फिल्म घेतली. लाल पेशींच्या गर्दीतून एक न्युट्रोफिल एका जंतूचा पाठलाग करते आणि शेवटी त्याला गाठते. नातवाने मला ती मोबाइलवर दाखवली. मी चार वेळा बघितली. २००४ साली बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेतून आणखी एक गोष्ट पुढे आली. काही न्युट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि त्यात जंतू अडकवतात. लढून मेलेल्या पेशींचा ढीग म्हणजेच पू. आपण नाक मुरडतो, पण ते हुतात्मे आहेत.

नुसती संख्या असून भागत नाही. काही बाळांना जन्मतः एक दुर्मीळ दोष असतो. त्यांच्या न्युट्रोफिलना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटताच येत नाही. रक्तात संख्या भरपूर, जखमेत एकही नाही. नाळ लवकर गळत नाही, संसर्ग पुन्हा पुन्हा होतात आणि पू होत नाही.

उलट बाजूही आहे. गाऊटमध्ये सांध्यात युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक जमतात. तिथे जंतू नसतो, तरी न्युट्रोफिल फौजेसारख्या धावतात आणि अंगठा लालबुंद होतो. त्यावर डॉक्टर कोल्चिसिन देतात. ते या पेशींची हालचालच मंदावतं.

आता रिपोर्टाकडे. बँकवाल्यांना पटकन कळेल असं सांगतो. सुईने काढलेल्या रक्तात मोजली जाते ती फक्त काउंटरवरची रोकड. बऱ्याच न्युट्रोफिल रक्तवाहिन्यांच्या भिंतींना टेकून असतात, त्या मोजणीत येत नाहीत. आणि मगजात तर मोठी तिजोरीच आहे. धावपळ केली किंवा स्टेरॉइड घेतलं की टेकलेल्या पेशी प्रवाहात येतात आणि संसर्ग नसतानाही आकडा वाढतो. म्हणून वाढलेला आकडा बघून मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका.

वाढलेल्या आकड्यापेक्षा कमी आकड्याची भीती जास्त, आणि मी आज मुख्यतः त्यासाठीच उभा आहे. पांढऱ्या पेशींच्या एकूण संख्येला न्युट्रोफिलच्या टक्क्यांनी गुणायचं. येणारी संख्या १,५०० च्या खाली म्हणजे कमी, ५०० च्या खाली म्हणजे धोका. केमोथेरपी मगजावरही घाव घालते. बऱ्याच औषधांत डोसनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत ही संख्या तळाला जाते.

आमच्या सौ.ची दुसरी केमो झाली, त्याच्या दहाव्या दिवशी रात्री अकराला तिला कणकण वाटली. थर्मामीटरवर १०१. घसा लाल नाही, खोकला नाही, सलाइन लावलेल्या जागी सूज नाही. ती म्हणाली, "एक गोळी घेते, सकाळी बघू." पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की ताप आला तर ताबडतोब या, सकाळची वाट बघू नका. लाली, सूज, पू हे सगळं न्युट्रोफिलच्या लढाईचे अवशेष. सैन्यच नसेल तर लढाईची खूण कुठून दिसणार? तापाशिवाय दुसरी सूचना येत नाही, आणि तीसुद्धा गोळीने दाबली तर काय उरलं? तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी गाडी काढली, वॉचमनने आडव्या लावलेल्या दोन स्कूटर हाताने सरकवल्या. रिपोर्ट आला : एकूण पेशी १,०००, न्युट्रोफिल २० टक्के. गुणाकार मी तिथेच उभ्या उभ्या केला. दोनशे. रात्रीच शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. सहाव्या दिवशी ती घरी आली. आज पहिल्या रांगेत बसून मी किती लांबवतोय ते घड्याळात बघतेय.

आपल्या वयाचंही सांगायला हवं. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांना असं आढळलं की वयस्कर माणसांच्या न्युट्रोफिल चालतात तरुणांसारख्याच, पण सरळ वाटेने जात नाहीत, भरकटतात. बाजारातून परतताना आपलं होतं तसंच! मधुमेह हाताबाहेर गेला तर त्यांचं चालणं आणि गिळणं दोन्ही मंदावतं. म्हणून पायाची छोटी जखमही रोज बघा. म्हातारपणी मोठ्या संसर्गातही ताप कमी येऊ शकतो. घरातलं वडील माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागलं, जेवेनासं झालं, तर 'वयोमानाने' म्हणून सोडून देऊ नका.

शेवटी कमिटीला एक विनंती. पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी, लिफ्ट, सीसीटीव्ही सगळं केलं. आज आपल्यातल्या काही घरांत केमो चालू आहे. रात्री गाडी काढू शकतील अशा चार सभासदांचे नंबर वॉचमनच्या केबिनमध्ये लावा आणि गेटसमोरची जागा रात्री मोकळी ठेवा. याला ठराव लागत नाही आणि मेंटेनन्सही वाढत नाही. घरोघरी एक चालू थर्मामीटर असू द्या, सेल तपासून.