नाव कोणाचे, हात कोणाचे?



खिशात मावणाऱ्या रेडिओवर नाव एकाचे असते; तो घडविणारे हात पुष्कळदा दुसऱ्याचे असतात. १९५४ साली अमेरिकेत विक्रीस आलेला पहिला ट्रँझिस्टर रेडिओ ‘रीजन्सी’ या नावाने निघाला, पण त्यातले ट्रँझिस्टर टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचे होते.

पुढच्याच वर्षी, १९५५ साली, जपानचे अकिओ मोरिता आपला छोटा रेडिओ घेऊन न्यूयॉर्कला गेले. बुलोव्हा या घड्याळांच्या नामांकित कंपनीने एक लाख नग मागितले. अट एकच: वर नाव बुलोव्हाचे. मागणीची रक्कम मोरितांच्या कंपनीच्या भांडवलाच्या कितीतरी पट होती. सहकाऱ्यांनी ‘घ्या’ म्हणून कळविले, तरी मोरितांनी ती नाकारली. ते नाव होते सोनी.

म्हणून दुसऱ्याच्या नावाने माल करणे हलके, असे आम्ही म्हणत नाही. त्यातून कारागिराला काम मिळते, यंत्रे येतात, हात बसतो. पण गिऱ्हाईक नाव लक्षात ठेवते, हात नव्हे. मागणी दुसरीकडे वळली की घडविणाऱ्याजवळ रिकामी शेड उरते.

आज कानात घालायच्या बिनतारी यंत्रांतही हीच वाटणी चालते. तेव्हा साचा कोणाच्या मालकीचा, सदोष मालाचा भुर्दंड कोणावर, हे आधीच लिहून घ्यावे. आणि हात बसला की त्यावर आपले नाव घालण्याची हिंमतही धरावी, एवढेच आमचे सांगणे.