ट्रॉम्बेची अणुभट्टी आणि भुईमुगाचे बियाणे

मुंबईतील ट्रॉम्बे येथे डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने १९५४ साली जी अणुसंशोधन संस्था उभी राहिली आणि जिला १९६७ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले, तिने देशाच्या अणुवीज कार्यक्रमाचा पाया घातला. परंतु सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील म्हसवड आणि माणदेशाच्या दृष्टीने या संस्थेचे बियाण्यांवरील कामही तितकेच मोलाचे आहे.

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. अणुभट्टी म्हणजे युरेनियमच्या अणुकेंद्रांचे विखंडन, अर्थात फुटण्याची क्रिया, सतत चालू आणि तरीही ताब्यात ठेवणारी रचना. त्यातून उष्णतेबरोबर न्यूट्रॉनही बाहेर पडतात. साधा कोबाल्ट अणुभट्टीत ठेवला, तर हे न्यूट्रॉन शोषून त्याचा कोबाल्ट-६० होतो, आणि त्यातून भेदक असे गॅमा किरण निघतात.

शिशाच्या जाड कवचाआड हे किरण बियाण्यावर सोडले असता बियाणे किरणोत्सारी होत नाही, मात्र त्याच्या आनुवंशिक द्रव्यात बदल घडतात. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक बदल निरुपयोगी किंवा अपायकारक असल्याने हजारो रोपांतून एखादे ठेंगणे, लवकर पिकणारे वा टपोऱ्या दाण्याचे झाड हेरून ते कित्येक पिढ्या पारखावे लागते, आणि खरे श्रेय या चिकाटीला आहे.

ट्रॉम्बेत भुईमुगावरील असे प्रयोग मात्र गॅमा नव्हे, तर क्ष-किरणांनी सुरू झाले. पुढे उत्परिवर्तित झाडांच्या संकरातून, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने, ‘टीएजी-२४’ हा वाण तयार झाला. त्याचे झाड बुटके असते, आऱ्या, म्हणजे शेंगा धरणारे देठ, बुडाशी दाटीने जमिनीत उतरतात, आणि पाल्यात जाणारा जोर शेंगांत उतरतो. याच दोन संस्थांचा उडदाचा ‘टीएयू-१’ हा वाणही महाराष्ट्रात मोठ्या क्षेत्रावर पेरला गेला.

अर्थात कोणताही वाण पावसाची उणीव भरून काढत नाही, आणि माणदेशात उन्हाळी भुईमूग विहिरीला पाणी असेल तरच घेता येतो. तथापि पीक लवकर काढणीला आले, तर ऐन टंचाईतल्या पाण्याच्या शेवटच्या पाळ्या वाचतात, आणि विहीर तळ गाठत असताना तेवढे पाणी जनावरांच्या वाट्याला येते.