हिवाळ्यांतील समुद्र आणि बेताचा खर्च

सहलीचा विषय निघाला कीं मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या डोळ्यांपुढें प्रथम आंकडे उभे राहतात. मोटार, हॉटेल आणि मुलांचे हट्ट यांची बेरीज पगाराशीं जुळत नाहीं, व बेत पुढच्या वर्षावर जातो. परंतु घरांत पंचाहत्तरी ओलांडलेली आजी असली, तर पुढचें वर्ष गृहीत धरतां येत नाहीं. पुण्यासारख्या शहरांत उभा जन्म काढूनही समुद्र न पाहिलेली आजी एखाद्या घरांत असते. ती मागत नाहीं, एवढेंच.

अशा कुटुंबास अलिबाग सोयीचें आहे. शनिवारीं दुपारीं एस. टी. नें निघावें, रात्र एखाद्या घरगुती भाड्याच्या खोलींत काढावी आणि रविवारीं परतावें. पंचाहत्तरीपुढील वृद्धांस राज्यांतील एस. टी. प्रवास २०२२ सालीं विनामूल्य झाला; स्त्रियांस २०२३ सालीं निम्मी सवलत मिळाली; लहान मुलांस अर्धें तिकीट असतेंच. पुरें भाडें बहुधा एकट्या गृहस्थासच पडतें. दशम्या व तिळाची चटणी घरून न्यावी आणि वांचलेले पैसे पोपटीसाठीं राखावे. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यांत भरून त्याभोंवतीं जाळ करतात. रायगड जिल्ह्यांतील थंडीचा हा खास मेवा होय.

येथें पैशापेक्षां तिथीचा हिशेब महत्त्वाचा. कुलाब्याचा किल्ला भरसमुद्रांत असून ओहोटीस तेथवर पायीं जातां येतें. कोंकणांतील जुना आडाखा असा कीं, तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन. म्हणजे भरती सुमारें तीन वाजतां आणि ओहोटी त्यापूर्वीं सहा तास, सकाळीं नऊच्या सुमारास. म्हणून तृतीया ते पंचमी यांपैकीं एखादी तिथि रविवारीं येईल असा आठवडा निवडावा. अष्टमीची ओहोटी उथळ असते. त्या दिवशीं वाट नीट उघडी पडत नाहीं. आडाखा हा आडाखाच. किनाऱ्यावरील कोळ्यास वेळ विचारल्यावांचून पाण्यांत पाऊल घालूं नये. पाणी उतरत असतांनाच जावें व तें पुन्हां चढूं लागण्यापूर्वीं माघारी वळावें. राघोजी आंग्रे यांनीं १७५९ सालीं बांधविलेलें गणेशमंदिर व गोड्या पाण्याची विहीर पाहण्यांत मन रमतें, आणि मागें वाट बुडते.

आजीस शेवाळलेल्या दगडांवरून नेण्याचा आग्रह मात्र नसावा. तिच्यासाठीं किनाराच पुरेसा आहे. सकाळचा मतलई वारा मंद असतो, ऊन कोंवळें असतें. नातवाचा हात धरून ती घोट्याइतक्या पाण्यांत उभी राहते. लाट परततांना पायांखालची वाळू सरकते आणि ती दचकून हंसते. त्या हंसण्याला तिकीट नाहीं. पण त्यासाठीं बेत याच हिवाळ्यांत ठरला पाहिजे.