रक्तरंजित थरारपट आणि तेरा ते सोळा

हैदराबादच्या सुलतान बाजारातील मराठी घरांत मुले तेलुगू व हिंदी चित्रपट सारख्याच ओढीने पाहतात, म्हणून प्रमाणपत्राचा अर्थ पालकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. १९५२च्या चलच्चित्र कायद्यात २०२३ साली दुरुस्ती होऊन ‘यूए’, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने पाहण्याजोगा, या वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन टप्पे झाले. मात्र हे टप्पे केवळ सल्ल्यादाखल असून चित्रपटगृहाच्या दारात अडवणूक होते ती ‘ए’, अर्थात अठरा वर्षांवरील प्रौढांसाठीच्या, चित्रपटाला. २०२५चा तेलुगू थरारपट ‘हिट : द थर्ड केस’ याच वर्गातला आहे.

‘यूए १६+’ चित्रपटाबाबत निर्णय घरातच होतो, आणि तेथे रक्ताच्या प्रमाणापेक्षा हिंसेची मांडणी अधिक तपासावी लागते: घाव घालणाऱ्याचा जयघोष होतो की घाव सोसणाऱ्याची वेदनाही दिसते, क्रौर्य कथेला आवश्यक आहे की निव्वळ चवीने रेंगाळवले आहे. नायकाच्याच हातून घडणारी आणि टाळ्या मिळवणारी क्रूरता खलनायकाच्या क्रूरतेहून अधिक घातक ठरते, कारण किशोरवयीन प्रेक्षक नायकाशी तादात्म्य पावतो, म्हणजे स्वतःला त्याच्या जागी पाहतो.