दंडावरची लस आणि चमच्यातले जीवनसत्त्व

भारतातील राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार नऊ महिने पूर्ण झालेल्या बालकाला गोवर-रुबेलाची पहिली लस दंडावर टोचली जाते, आणि त्याच बैठकीत आरोग्यसेविका त्याच्या तोंडात 'अ' जीवनसत्त्वाच्या द्रावणाचा एक मिलिलीटर, म्हणजे एक लाख आंतरराष्ट्रीय एककांचा डोस, सोडते. दीड वर्षाच्या सुमारास गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या लसीबरोबर दोन लाख एककांचा दुसरा डोस असतो, आणि पुढे मूल पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी तेवढाच डोस देऊन एकूण नऊ डोस पूर्ण केले जातात. अर्धशतकाहून अधिक काळ चाललेल्या या कार्यक्रमामुळे टोचणे आणि पाजणे या दोन गोष्टी पालकांच्या मनात इतक्या निगडित झाल्या आहेत की, जीवनसत्त्वामुळे लस अधिक 'लागू पडते', अशी समजूत सर्वत्र आढळते, आणि औषधांच्या दुकानांतील बहुजीवनसत्त्वी सिरपांच्या खपाला ती पोषकच ठरते. ही समजूत पूर्णपणे निराधार नाही. मात्र ज्या स्वरूपात ती बाळगली जाते त्या स्वरूपात ती टिकत नाही. हे दोन डोस एकाच दिवशी येतात याचे मुख्य कारण रोगप्रतिकारशास्त्रात सापडत नाही, ते आरोग्यव्यवस्थेच्या सोयीत सापडते.

'अ' जीवनसत्त्वाचा संसर्गाशी असलेला संबंध मात्र जुना आहे. १९१३ मध्ये अमेरिकेत मॅकॉलम आणि डेव्हिस यांनी स्निग्ध पदार्थांत विरघळणारा हा घटक ओळखला, आणि १९२८ मध्ये ग्रीन आणि मेलनबी या ब्रिटिश संशोधकांनी त्याला संसर्गविरोधी द्रव्य असे संबोधले, कारण हे जीवनसत्त्व न मिळालेले प्रयोगातील उंदीर जंतुसंसर्गाने दगावत होते. १९३२ मध्ये लंडनमध्ये एलिसन यांनी गोवर झालेल्या मुलांना या जीवनसत्त्वाचा पुरवठा केला असता त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण कमी झाल्याचे नोंदवले. पुढे प्रतिजैविके आली आणि हा धागा जवळजवळ विसरला गेला. तो पुन्हा हाती घेतला तो आल्फ्रेड सॉमर यांनी. इंडोनेशियात डोळ्यांच्या कोरडेपणाचा अभ्यास करताना, रातांधळेपणा असलेली किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बिटोचे फेसाळ ठिपके दिसणारी मुले इतर मुलांपेक्षा अधिक प्रमाणात दगावतात, असे त्यांच्या ध्यानात आले, आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आचे प्रांतातील चाचणीत सहामाही डोस मिळालेल्या गावांतील बालमृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. १९९० मध्ये तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली भागातील चाचणीत आठवड्याला अगदी लहान मात्रा देऊन मृत्यू ५४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले, तर त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांना आपल्या चाचणीत असा काहीही फरक आढळला नाही. एकाच वर्षी एकाच देशातून निघालेले हे दोन परस्परविरोधी निष्कर्ष ध्यानात ठेवण्याजोगे आहेत, कारण या विषयातील पुढचा बहुतेक वाद त्यांच्यात बीजरूपाने सामावलेला आहे.

भारताचा स्वतःचा कार्यक्रम सॉमर यांच्या चाचणीच्याही आधीचा, १९७० चा, आणि त्याचा हेतू अंधत्वनिवारणाचा होता. साठ मिलिग्रॅम रेटिनॉल, म्हणजेच दोन लाख एकके, एका वेळी दिल्यास यकृत त्याचा साठा करते आणि तो महिनोन्महिने पुरतो. लहान मुलाची रोजची गरज सुमारे ४०० मायक्रोग्रॅम धरली तर हा हिशेब १५० दिवसांचा भरतो, आणि सहामाही अंतराचे मूळ तेथेच आहे. पुढे आंतरराष्ट्रीय संस्थांनी हा डोस लसीकरणाच्या भेटींशी जोडण्याची शिफारस केली, तेव्हा तिच्यामागचा विचार सरळ होता: ज्या मुलापर्यंत आरोग्यसेवा वर्षातून जेमतेम दोन-तीनदा पोहोचते, त्याच्या हाती त्या भेटीत मिळेल ते सर्व पडावे. त्याने लसीचा परिणाम वाढेल असे त्या वेळी कोणी सिद्ध केले नव्हते, आणि तो घटणार नाही, हेही सिद्ध झालेले नव्हते.

या दुसऱ्या शंकेकडे वळण्यापूर्वी लसीला शरीर प्रतिसाद देते म्हणजे काय, हे थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे. गोवराची लस ही जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची असते. तो विषाणू शरीरात मर्यादित प्रमाणात वाढतो, डेंड्रिटिक या नावाच्या शाखायुक्त पेशी त्याचे अंश उचलून लसिका ग्रंथींकडे नेतात, तेथे टी-पेशींना त्यांची ओळख पटते, आणि टी-पेशींच्या साहाय्याने बी-पेशी प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला नेमके चिकटून त्याला निष्प्रभ करणारी प्रथिने, तयार करतात. त्यांतील काही पेशी स्मृतिपेशी होऊन वर्षानुवर्षे टिकतात. 'अ' जीवनसत्त्व या साखळीत रेटिनॉइक आम्लाच्या रूपाने सहभागी होते. हे आम्ल पेशीच्या केंद्रकात शिरून तेथील ग्राहींना चिकटते आणि विशिष्ट जनुकांचे कार्य चालू किंवा बंद करते. २००४ मध्ये इवाता आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, आतड्याशी संबंधित डेंड्रिटिक पेशी हे आम्ल स्वतः बनवतात आणि त्याच्याच प्रभावाखाली टी-पेशींवर आतड्याकडे परतण्याची जणू खूण उमटते. जीवनसत्त्वाचा अभाव असलेल्या उंदरांच्या आतड्यांत या पेशी कमी आढळल्या. नंतरच्या संशोधनाने आतड्याच्या अस्तरावर पहारा देणाऱ्या 'आयजीए' प्रकारच्या प्रतिपिंडांच्या निर्मितीतही रेटिनॉइक आम्लाचा हात असल्याचे स्पष्ट केले. यावरून असा तर्क निघतो की, अभाव असलेल्या मुलात तोंडावाटे दिलेल्या लसी, विशेषतः पोलिओची, कमी प्रभावी ठराव्यात आणि अभाव भरून काढल्यास त्या सुधाराव्यात. तर्क आकर्षक आहे. पण प्रयोगशाळेतील उंदराचा अभाव जवळजवळ संपूर्ण असतो, आणि मराठवाड्यातील किंवा गिनी-बिसाऊमधील मुलाचा अभाव अंशतः, ऋतुमानानुसार कमीअधिक होणारा आणि इतर दहा उणिवांमध्ये मिसळलेला असतो.

प्रत्यक्ष चाचण्यांचा इतिहास एका अनपेक्षित निष्कर्षाने गाजला. १९९५ मध्ये सेंबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोनेशियातील सहा महिन्यांच्या अर्भकांना गोवराच्या लसीबरोबर एक लाख एकके 'अ' जीवनसत्त्व किंवा त्यासारखेच दिसणारे निर्गुण द्रावण दिले, आणि आढळले ते असे की, ज्यांच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे अजून शिल्लक होती अशा अर्भकांत, जीवनसत्त्व मिळालेल्यांमध्ये लसीनंतर स्वतःची प्रतिपिंडे तयार होण्याचे प्रमाण उलट कमी होते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत वारेतून आईची प्रतिपिंडे बाळाकडे जातात आणि जन्मानंतर काही महिने त्याचे रक्षण करतात; पण तीच प्रतिपिंडे लसीतील दुर्बल विषाणूलाही वाढू देत नाहीत, म्हणून गोवराची लस नवव्या महिन्यापर्यंत लांबवली जाते. जीवनसत्त्वाने शरीराची तत्परता वाढली आणि त्यामुळे आधीच अडचणीत असलेला लसीचा विषाणू अधिकच लवकर निपटला गेला, असे एक स्पष्टीकरण पुढे आले. ते खरे असेल तर विरोधाभास विलक्षण आहे, कारण प्रतिकारशक्ती सुधारल्यामुळेच लसीचा परिणाम उणावला असा त्याचा अर्थ होतो.

साहजिकच जगभरच्या लसीकरण कार्यक्रमांत खळबळ उडाली, कारण हाच डोस हजारो केंद्रांवर दिला जात होता. परंतु पुढच्या काही वर्षांतील चाचण्यांनी नवव्या महिन्याबद्दलची भीती बरीचशी दूर केली. १९९७ मध्ये गिनी-बिसाऊमध्ये क्रिस्टीन बेन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या चाचणीत सहा आणि नऊ महिन्यांच्या मुलांत कोणताही अडथळा दिसला नाही, उलट नवव्या महिन्याला एकच लस घेतलेल्या मुलांत, त्यातही मुलग्यांत, प्रतिपिंडांचे प्रमाण जीवनसत्त्वामुळे वाढलेले आढळले. १९९९ मध्ये दिल्लीतील चाचणीतही नऊ महिन्यांच्या बालकांना दोन्ही एकत्र दिल्याने लसीची परिणामकारकता घटत नाही असे सिद्ध झाले. भारतीय वेळापत्रकाचा आधार म्हणून या दिल्लीच्या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे, आणि तरीही त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी लोकांत कधी झाली नाही.

इतर लसींबाबतचे चित्र विस्कळीत आहे. दिल्लीतच बाळंतपणानंतर मातांना आणि लसीकरणाच्या भेटींत अर्भकांना जीवनसत्त्व दिले असता तोंडावाटे दिलेल्या पोलिओ लसीतील पहिल्या प्रकाराच्या विषाणूविरुद्ध संरक्षक प्रतिपिंडे असलेल्या बालकांचे प्रमाण वाढले, पण घानामधील चाचणीत पोलिओ व धनुर्वात या दोन्ही लसींवर काहीच परिणाम दिसला नाही. त्याच घानात 'ब' कावीळीच्या लसीला मिळणारा प्रतिसाद मात्र सुधारला. धनुर्वाताच्या लसीबद्दल बांगलादेशातील एका जुन्या चाचणीत लाभ आढळला नव्हता, तर इंडोनेशियात, ज्या मुलांच्या डोळ्यांवर अभावाची लक्षणे होती अशांचाही समावेश केला असता, तो आढळला. एकत्र पाहिल्यास हे निष्कर्ष दिसतात तेवढे गोंधळाचे नाहीत. जेथे अभाव खरा व खोल होता तेथे तो भरून काढल्यावर प्रतिसाद सामान्य पातळीच्या जवळ येण्याकडे कल दिसतो, आणि जेथे मूल आधीच पुरेसे पोसलेले होते तेथे अतिरिक्त मात्रेने फारसे काही घडत नाही. जीवनसत्त्वे उणीव भरून काढू शकतात, पण सामान्य प्रतिसादाला सामान्यापलीकडे नेण्याचा त्यांचा गुण मुलांच्या बाबतीत खात्रीने दाखवता आलेला नाही.

याला एक पुरवणी आवश्यक आहे. कुपोषित मूल लसीला प्रतिसाद देऊ शकत नाही ही कल्पनाही तितकीच चुकीची आहे. बहुतेक कुपोषित मुलांत लसीनंतर पुरेशी प्रतिपिंडे तयार होतात, आणि गोवर जीव घेतो तो प्रामुख्याने अशाच मुलांचा. 'आधी बाळाला जरा बाळसे धरू द्या, मग टोचू' हा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे.

इतर जीवनसत्त्वांवर फार वेळ खर्च करण्याचे कारण नाही. 'ड' जीवनसत्त्वाचे ग्राही रोगप्रतिकारक पेशींत असतात हे खरे असले तरी त्याच्या पुरवठ्याने लसींचा प्रतिसाद सातत्याने सुधारल्याचे दिसत नाही. 'ई' जीवनसत्त्वाबद्दल ज्या अभ्यासाचा वारंवार दाखला दिला जातो, तो १९९७ चा अमेरिकेतील अभ्यास, पासष्ट वर्षांवरील माणसांवरचा आहे. त्यावरून सहा महिन्यांच्या बाळासाठी निष्कर्ष काढणे ही शास्त्राची थट्टाच म्हणावी लागेल. 'क' जीवनसत्त्वाचे तर जाहिरातींत जेवढे वजन आहे तेवढे लसीच्या चाचण्यांत नाही.

मृत्यू रोखण्याबद्दलचा मूळ दावाही आता पूर्वीइतका भक्कम उरलेला नाही. उत्तर प्रदेशातील सुमारे दहा लाख मुलांवर पाच वर्षे चाललेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'देवता' चाचणीत सहामाही डोसामुळे बालमृत्यू अवघे ४ टक्के कमी दिसले, आणि हा फरक योगायोगाचा असण्याची शक्यता फेटाळता आली नाही. जुन्या चाचण्यांबरोबर हे आकडे जोडले तर लाभ सुमारे ११ टक्क्यांवर येतो. काळाच्या ओघात गोवराचे लसीकरण पसरले आणि मुलांचा आहारही काही प्रमाणात बदलला, त्यामुळे ज्या मृत्यूंपासून जीवनसत्त्व वाचवत होते तेच मृत्यू कमी झाले, हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय व्यापक पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांत 'अ' जीवनसत्त्वाचा अभाव सुमारे १८ टक्के आढळला, म्हणजे गंभीर सार्वजनिक समस्या ठरवण्याच्या २० टक्क्यांच्या जागतिक उंबरठ्याच्या किंचित खाली. राज्याराज्यांतील तफावत मात्र मोठी आहे. डॉ. सी. गोपालन यांनी हैदराबादच्या संस्थेचे संचालक या नात्याने मोठ्या मात्रेच्या पद्धतीचा पाया घालण्यास साहाय्य केले, आणि नंतर सर्व मुलांना सरसकट देण्याच्या धोरणाचे ते कडवे टीकाकार झाले. पालेभाज्या, पिकलेली पपई, लाल भोपळा, दूध आणि अंडी यांच्याकडे वळावे असा त्यांचा आग्रह होता. आपल्याच कामाच्या विस्ताराला असा विरोध करणारे शास्त्रज्ञ विरळाच.

अतिरेकाची बाजूही मोठ्या मात्रेच्या या औषधात विसरता येत नाही. स्निग्ध पदार्थांत विरघळणारे असल्यामुळे 'अ' जीवनसत्त्व लघवीवाटे सहज निघून जात नाही, आणि अर्भकांत मोठ्या डोसानंतर कधी उलट्या होतात किंवा डोक्यावरची टाळू काही काळ फुगते. सरकारी केंद्रावर डोस घेतलेल्या मुलाला खाजगी दवाखान्यातून तोच डोस पुन्हा मिळणे, आणि वर घरी जीवनसत्त्वांचे सिरप चालू असणे, हे शहरांत अशक्य नाही. त्यामुळे माता व बाल संरक्षण कार्डावर 'अ' जीवनसत्त्वाची नोंद लसीइतक्याच काळजीने होणे आवश्यक ठरते.

गोवर झालेल्या मुलाची बाब याहून पूर्णपणे निराळी आहे, आणि तेथे जीवनसत्त्वाचे स्थान पक्के आहे. १९९० मध्ये केप टाउनमध्ये गोवराने रुग्णालयात आलेल्या १८९ मुलांच्या चाचणीत जीवनसत्त्व मिळालेल्या ९२ पैकी दोन, तर न मिळालेल्या ९७ पैकी दहा मुले दगावली. गोवर शरीरातील साठा झपाट्याने संपवतो, आणि शिवाय पूर्वीच्या आजारांची प्रतिकारस्मृतीही पुसून टाकतो; २०१९ मधील संशोधनात गोवरानंतर मुलांच्या प्रतिपिंडांच्या संग्रहाचा ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा झालेला आढळला. म्हणूनच वयानुसार ठरलेली मात्रा लागोपाठ दोन दिवस देण्याची पद्धत आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडीसारख्या वस्त्यांत आणि पुढे भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ उसळली तेव्हा रुग्ण बालकांसाठी ही मात्रा उपचाराचा भाग होती, आणि त्याच वेळी, नऊ महिन्यांखालील रुग्णांचे प्रमाण जास्त असलेल्या भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या अर्भकांना गोवर-रुबेलाची जादा लस देण्याचा निर्णय झाला. सेंबा यांच्या चाचणीतील अर्भके नेमकी याच वयाची होती. आईची प्रतिपिंडे त्या वयात आड येतात म्हणूनच ही जादा लस नियमित मात्रांमध्ये धरली जात नाही, आणि ती मिळालेल्या बालकालाही नवव्या महिन्याची आणि दीड वर्षाची लस, कार्डावरच्या मूळ तारखांप्रमाणे, पुन्हा द्यावीच लागते.